आग नसताना डिल्यूज व्हॉल्व्ह सुटतो तेव्हा: आधी दोन गेज वाचा

आग नाही, धूर नाही, पॅनलवर एकही फायर सिग्नल नाही, आणि तरी ट्रान्सफॉर्मर यार्डातला डिल्यूज व्हॉल्व्ह, म्हणजे आगीवर फवारायचं पाणी अडवून धरणारा मोठा व्हॉल्व्ह, सुटतो. गाँग वाजायला लागतो, ट्रान्सफॉर्मरवर चारी बाजूंनी पाण्याचा मारा होतो, इंटरलॉकमुळे ब्रेकर ट्रिप होतो आणि अर्धा कारखाना बंद पडतो. पहिल्यांदा झालं की लोक "लाइनीत हवा असेल" म्हणून सोडून देतात. दुसऱ्यांदा झालं की कॉन्ट्रॅक्टरला फोन जातो, तो येऊन रिसेट करून जातो. तिसऱ्यांदा झालं की रात्रपाळीतलं कुणीतरी खालचा चाकाचा गेट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी येण्याची वाटच, बंद करतं आणि कुणाला सांगत नाही.

मला खरी भीती या तिसऱ्या टप्प्याची वाटते. गेट व्हॉल्व्ह बंद असला तरी वरवर सगळं ठणठणीत दिसतं. पॅनलचा हिरवा दिवा चालू असतो. डिल्यूज व्हॉल्व्हच्या चेंबरचं गेजही ७ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाखवत असतं, कारण प्रायमिंगची, म्हणजे चेंबर पाण्यानं भरणारी, लाइन बऱ्याच ठिकाणी गेट व्हॉल्व्हच्या आधीच काढलेली असते. ट्रान्सफॉर्मरच्या हाय व्हेलॉसिटी स्प्रेसाठी दर चौरस मीटरला मिनिटाला १०.२ लिटर पाणी धरतात. १२० चौरस मीटर पृष्ठभाग असेल तर मिनिटाला सव्वाबाराशे लिटरच्या आसपास. आग लागेल त्या दिवशी हे सगळं पाणी एका बंद चाकाखाली अडकून राहणार. म्हणून फुकट सुटणाऱ्या व्हॉल्व्हचं कारण सापडेपर्यंत शोधायचं. रिसेट केला म्हणजे दुरुस्ती झाली असं नाही.

व्हॉल्व्ह बंद कशाच्या जोरावर राहतो

साध्या स्प्रिंकलरमध्ये प्रत्येक हेडला स्वतःचा बल्ब असतो. जो तापतो तोच फुटतो, बाकीचे बंद राहतात. डिल्यूजमध्ये सगळी नोझल कायम उघडी असतात, पाइप रिकामा असतो आणि पाणी अडवून धरतो तो एकटा व्हॉल्व्ह. तो सुटला की सगळी नोझल एकदम चालू.

इथं डायफ्रॅमच्या (रबरी पडद्याच्या) प्रकाराबद्दल लिहितोय, कारण आपल्याकडच्या यार्डांत तोच जास्त दिसतो. खालून हेडरचं, म्हणजे पंपाकडून येणाऱ्या मुख्य पाइपचं, पाणी सीटवर (पडदा टेकून बंद होतो त्या जागेवर) दाब देतं. वर प्रायमिंग चेंबरमध्येही त्याच हेडरचं पाणी एका बारीक लाइनीनं भरलेलं असतं. फरक क्षेत्रफळाचा. सीट ८० मिलिमीटर व्यासाची असेल तर क्षेत्रफळ साधारण ५० चौरस सेंटिमीटर. वरच्या बाजूचं क्षेत्रफळ त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० धरा. दोन्हीकडे ७ किलो प्रेशर असेल तर खालून ३५० किलोचा जोर आणि वरून ७०० किलोचा. म्हणून व्हॉल्व्ह बंद. चेंबरचं प्रेशर सप्लायच्या निम्म्याखाली आलं की पारडं फिरतं आणि व्हॉल्व्ह उघडतो. नेमकं प्रमाण मॉडेलप्रमाणे बदलतं, ते मॅन्युअलमध्ये बघा, पण हिशेब हाच.

प्रायमिंग लाइनीवर ओळीनं चार गोष्टी असतात: छोटा व्हॉल्व्ह, स्ट्रेनर, सुमारे ३ मिलिमीटरचं ओरिफिस (पाणी मोजकंच सोडणारं बारीक भोक) आणि एनआरव्ही (पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह). चेंबरमधून बाहेर जाणाऱ्या वाटा वेगळ्या: सोलेनॉइड (पॅनलच्या सिग्नलवर उघडणारा विजेचा छोटा व्हॉल्व्ह), हातानं उघडायचा इमर्जन्सी रिलीज, ट्रान्सफॉर्मरभोवती फिरणारी पाण्यानं भरलेली डिटेक्टर लाइन (हिच्यावरचे काचेचे बल्ब आगीत फुटतात आणि वाट उघडते), आणि पीओआरव्ही (पाण्याच्या प्रेशरनं उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह). यातली कुठलीही वाट उघडली की चेंबरमधलं पाणी, ओरिफिसमधून जेवढं आत येतं त्यापेक्षा जास्त वेगानं बाहेर जातं. प्रेशर पडतं, व्हॉल्व्ह सुटतो. पुढचं सगळं या "जास्त वेगानं" या दोन शब्दांवर अवलंबून आहे.

एनआरव्हीचं काम बऱ्याच जणांना माहीत नसतं. हेडरचं प्रेशर कमी-जास्त होतच असतं. ते पडलं तरी चेंबरमधलं पाणी मागे जाऊ नये म्हणून तो असतो. तो नीट असेल तर चेंबरचं गेज हेडरनं आधी गाठलेल्या वरच्या आकड्यावर थांबून राहतं. म्हणजे निरोगी व्हॉल्व्हची खूण एकच: चेंबरचं गेज सप्लायच्या गेजइतकं किंवा त्याच्या वर. खाली कधीच नाही.

शनिवारचा व्हॉल्व्ह

तळोजा भागातल्या एका कारखान्यात हे प्रकरण मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत चाललं. पाच वेळा व्हॉल्व्ह सुटला. मी पोचलो तोवर डायफ्रॅम नवा टाकून झाला होता, सोलेनॉइड दोनदा बदललं होतं, डिटेक्टरचे सगळे बल्ब नवे होते. तरी सुटतच होता.

सुटे भाग बघायच्या आधी मी पंपहाउसची लॉगबुक मागितली. पाचपैकी चार वेळा शनिवार, सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान. पाचवा बुधवार, पण तो अग्निशमन सप्ताहातला, हायड्रंटचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं तो दिवस. (१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटाच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळतात, त्यामुळे त्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक कारखान्यात होज उघडले जातात.) प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह सुटायच्या मिनिटभर आधी मेन पंप (हेडरचं प्रेशर पडलं की आपोआप चालू होणारा) चालू झाल्याची नोंद होती. ऑपरेटरचं म्हणणं, व्हॉल्व्ह सुटला म्हणून पंप चालू झाला. लॉगबुकातली वेळ उलटं सांगत होती.

बाहेर बागेजवळ माळीकाका होते. त्यांना विचारलं, "काका, शनिवारी या हायड्रंटला पाइप लावता का?"

"हो साहेब. रस्ता धुवायचा असतो, मग झाडांनापण घालतो. नळाला पाणी पुरत नाही हो."

"किती उघडता?"

"पूर्ण. आणि बंद करताना झटकन करतो, उगाच पाणी वाया नको जायला."

काकांचा यात काहीच दोष नव्हता. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की तो हायड्रंट आणि यार्डातला डिल्यूज एकाच हेडरवर आहेत.

कंट्रोल रूमला कळवलं, फायर वॉचला (आगीवर नजर ठेवायला) माणूस उभा केला, गेट व्हॉल्व्ह बंद करून त्यावर टॅग लावला. इथं सप्लायच्या गेजचं आणि प्रायमिंगचं टॅपिंग दोन्ही गेट व्हॉल्व्हच्या आधी होतं, त्यामुळे व्हॉल्व्ह न सुटता सगळं बघता येणार होतं. मग काकांना म्हटलं, नेहमीसारखं उघडा.

सुरुवातीला दोन्ही गेज ७ वर. हायड्रंट उघडला, सप्लाय खाली यायला लागलं, ६, साडेपाच, ५. आणि चेंबरचा काटाही त्याच्या पावलावर पाऊल टाकत खाली. खरं तर त्यानं ७ वरून हलायलाच नको होतं. साडेचारला मेन पंप चालू झाला. सप्लायचा काटा एका झटक्यात ९ च्या पुढे गेला, १० ला टेकून थरथरला. चेंबरचा काटा मात्र अजून साडेचारच्या आसपासच, मग हळूहळू वर. त्याला वर पोचायला जवळजवळ २० सेकंद लागले.

हिशेब करा. वरून साडेचार गुणिले १००, म्हणजे ४५०. खालून १० गुणिले ५०, म्हणजे ५००. त्या एक-दोन सेकंदांत व्हॉल्व्ह सुटायलाच हवा होता. एकदा सुटला की पुढे पाण्याचं प्रेशर पीओआरव्हीला जातं, तो चेंबर रिकामा करून ठेवतो, आणि मग हेडर शांत झालं तरी व्हॉल्व्ह स्वतःहून बंद होत नाही. हा लॅच मुद्दामच ठेवलेला असतो, आगीच्या वेळी मध्येच पाणी थांबू नये म्हणून.

एनआरव्हीची दहा मिनिटांची चाचणी

ही चाचणी मी कुणाला करताना फारशी पाहिलेली नाही, म्हणून सविस्तर देतो. गेट व्हॉल्व्ह बंद, चेंबर ७ किलोला भरलेला. प्रायमिंग लाइनीचा छोटा व्हॉल्व्ह बंद करा. आता स्ट्रेनरचा खालचा प्लग हळूच सोडा. स्ट्रेनर आणि ओरिफिसमधलं थोडं पाणी बाहेर येईल आणि थांबेल. आता एनआरव्हीच्या एका बाजूला प्रेशर शून्य, दुसऱ्या बाजूला चेंबरचे ७ किलो. काटा जागचा हलला नाही तर एनआरव्ही चांगला. काटा खाली यायला लागला आणि प्लगमधून बारीक धार चालूच राहिली तर चेंबरचं पाणी मागे येतंय, दुसरं काही शोधायची गरज नाही.

इथं धार थांबली नाही. एनआरव्ही खोलला तर सीटवर टेफ्लॉन टेपचा नखाएवढा तुकडा आडवा बसलेला, त्यावर गंजाचा तांबडा थर. डायफ्रॅम बदलताना कुणीतरी थ्रेडवर जास्त टेप गुंडाळली होती, टोकाचा तुकडा सुटून आत गेला होता. म्हणजे पहिल्यांदा व्हॉल्व्ह का सुटला ते कारण वेगळंही असेल, पण नंतरच्या खेपा बहुधा दुरुस्तीतून आल्या. थ्रेडच्या टोकाला टेप लावू नका, पहिले दोन आटे मोकळे सोडा. एवढ्यानं हा प्रकार टळतो.

पण एनआरव्ही एकटा गुन्हेगार नव्हता. चेंबर भरायला २० सेकंद का लागावेत? पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे चेंबर आणि डिटेक्टर लाइन पाण्यानं गच्च भरलेली असेल तर थोडंसं पाणी आत येताच प्रेशर वर जातं. हवा दाबली जाते. ट्रान्सफॉर्मरभोवतीच्या रिंगमध्ये हवेचे कप्पे राहिले असतील तर ते दाबले जाईपर्यंत पाणी आत येत राहावं लागतं, आणि इथं ते येणार होतं अर्ध्या बुजलेल्या ओरिफिसमधून. स्ट्रेनरची जाळी काढली तर गाळ आणि गंजाच्या पापुद्र्यांनी पाऊण भाग बंद. वरच्या टोकाचा एअर व्हेंट उघडला तर आधी हवेचा फुसकारा, मग बराच वेळ फेसाळ पाणी. तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा हे घडत होतं, आणि त्यांतली एकही बदललेल्या भागांच्या यादीत नव्हती.

काटा झटक्यानं पडत नसेल, हळूहळू बसत असेल तर

दुसरा प्रकार असा: पंप चालू झालेला नाही, हेडर स्थिर आहे, आणि चेंबरचं गेज तासातासाला थोडं थोडं खाली जातंय. मग कुठेतरी बारीक गळती आहे आणि ओरिफिस ती भरून काढू शकत नाहीये. ओरिफिस स्वच्छ असेल तर छोटी गळती कळतही नाही, आत येणारं पाणी तिला झाकून टाकतं. जाळी बुजत जाते तशी तीच गळती वरचढ ठरते. म्हणून असे व्हॉल्व्ह "अचानक" सुटायला लागतात.

शोधायची पद्धत: गेट बंद, चेंबर भरलेला, प्रायमिंगचा छोटा व्हॉल्व्ह बंद, आणि अर्धा तास गेज बघत राहायचं. बसत असेल तर डिटेक्टर लाइनीचा आयसोलेशन व्हॉल्व्ह असल्यास तो बंद करून पुन्हा बघा. आता बसणं थांबलं तर गळती बाहेर लाइनीवर आहे, नाहीतर व्हॉल्व्हच्या ट्रिममध्येच, म्हणजे त्याला जोडलेल्या छोट्या नळ्या आणि व्हॉल्व्हांमध्ये. ट्रिममधल्या गळतीसाठी मी सोलेनॉइड, इमर्जन्सी रिलीज आणि पीओआरव्हीच्या ड्रेन नळ्यांखाली कोरड्या वर्तमानपत्राचा एकेक तुकडा ठेवतो. डोळ्याला न दिसणारा थेंब कागदावर दहा मिनिटांत गोल डाग करतो. कुठला कागद भिजला तो भाग खोला. बहुतेक वेळा सोलेनॉइडच्या सीटखाली कण अडकलेला असतो, कॉइलला काही झालेलं नसतं.

लाइनीवरची गळती शोधताना रंगावर विश्वास ठेवू नका. जीआय पाइपच्या जोडावर जाड लाल रंग चढवलेला असतो आणि खाली आटे गंजलेले असतात. दुपारी उन्हात ओल वाळून जाते, म्हणून पहाटे फिरा. बल्बही बघा. पिवळा बल्ब ७९ अंशांचा, हिरवा ९३ चा. ट्रान्सफॉर्मरच्या रेडिएटरला चिकटून ६८ अंशांचा लाल बल्ब कुणी चुकून बसवला असेल तर मे महिन्यात तो आगीशिवाय फुटू शकतो. मूळ ड्रॉइंगमध्ये कुठला सांगितलाय ते ताडून घ्या.

आणि हे सगळं करायच्या आधी दोन्ही गेज एकमेकांच्या जागी लावून बघा. एकदा मी दोन तास गळती शोधत होतो आणि चेंबरचं गेजच अर्धा किलो कमी दाखवत होतं.

बॉल ड्रिपमधून (व्हॉल्व्हच्या पुढच्या बाजूला साचलेलं पाणी बाहेर काढणाऱ्या छोट्या तोटीतून) पाणी ठिबकतंय अशी तक्रारही नेहमी येते. व्हॉल्व्ह नुकताच सुटून गेला असेल किंवा पाऊस पडून उघड्या नोझलमधून पाणी आत आलं असेल तर थोडा वेळ ठिबकणारच. दोन दिवस कोरडे गेल्यावरही थांबत नसेल तर सीटवर कचरा आहे, व्हॉल्व्ह खोलून सीट आणि डायफ्रॅम पुसावं लागेल.

रिसेट करताना पुन्हा सुटतो

याचं कारण जवळजवळ नेहमी घाई असते. गेट बंद करा, खालचा ड्रेन उघडून पाइप पूर्ण रिकामा होऊ द्या, पीओआरव्हीकडे जाणारं प्रेशर शून्य झालंय ना बघा. पॅनल रिसेट करा, नाहीतर सोलेनॉइडला २४ व्होल्ट चालूच राहतात आणि चेंबर कधीच भरत नाही. इमर्जन्सी रिलीजचा हँडल बंद करा. हा हँडल विसरलेला मी कितीदा पाहिलाय. मग प्रायमिंग उघडा, सगळ्यात उंच टोकाची हवा काढा, बुडबुड्याशिवाय सलग धार येईपर्यंत. चेंबर हेडरइतका भरला की गेट व्हॉल्व्ह चाकाचा अर्धा फेरा उघडा आणि थांबा. ड्रेन आणि बॉल ड्रिप कोरडे राहिले, गेज हललं नाही, तरच पुढे उघडा.

ओरिफिस मोठं करू नका

एका ठिकाणी फुकट सुटणं थांबवायला कुणीतरी ओरिफिसमध्ये ड्रिल मारून भोक मोठं केलं होतं. दुसऱ्या ठिकाणी ओरिफिस काढूनच टाकलं होतं. व्हॉल्व्ह सुटणं खरंच थांबलं, सगळे खूश होते. मी इमर्जन्सी रिलीज उघडून बघितला. रिलीजमधून पाणी धो धो जात होतं आणि चेंबरचं गेज साडेपाचवर ठाम उभं होतं. जेवढं बाहेर जात होतं तेवढं प्रायमिंगमधून आत येत होतं. व्हॉल्व्ह सुटला नाही. आग लागली असती, बल्ब फुटले असते, सोलेनॉइड उघडलं असतं, तरीही सुटला नसता. तो ट्रान्सफॉर्मर किती महिने तसा होता ते कुणीच सांगू शकलं नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना माझे हात थंड पडले होते.

ओरिफिस बुजलं असेल तर पाण्यानं आणि हवेनं उलट बाजूनं साफ करा. तार घालून खरवडू नका, त्यानंही भोक वाढतं. शंका आली तर मूळ कंपनीचाच भाग मागवा. आणि ट्रिममधला कुठलाही भाग बदलला की व्हॉल्व्ह एकदा खरोखर सोडून बघा. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) द्यावा लागतो. त्याच्या तपासणीत नुसती गेजं लिहून घेऊ नका, रिलीज उघडून चेंबर किती सेकंदांत पडतो ते लिहा. एनएफपीए २५ हे पाण्यावरच्या अग्निशमन यंत्रणांच्या देखभालीचं अमेरिकन मानक दर वर्षी पूर्ण पाण्यानिशी ट्रिप टेस्ट (व्हॉल्व्ह खरोखर सोडून बघणं) सांगतं. ट्रान्सफॉर्मर बंद ठेवायची परवानगी मिळवणं जिवावर येतं, मान्य आहे, तरी वार्षिक शटडाऊनच्या यादीत हे पहिल्या पानावर असू द्या.

शनिवारच्या कारखान्यात एनआरव्ही नवा बसवला, स्ट्रेनर आणि ओरिफिस साफ केलं, रिंगची हवा काढली, आणि जॉकी पंपाचं (हेडरचं प्रेशर टिकवून ठेवणाऱ्या छोट्या पंपाचं) प्रेशर स्विच बिघडलं होतं ते बदललं. माळीकाकांसाठी वापरायच्या पाण्याच्या टाकीवरून एक इंची वेगळी लाइन टाकून दिली. मग हायड्रंट पुन्हा पूर्ण उघडला, मेन पंप चालू होऊ दिला, झटकन बंद केला. सप्लाय १० ला जाऊन आलं. चेंबरचा काटा आधी ७ वर स्थिर राहिला, मग झरकन वर चढला आणि तिथंच थांबला. ट्रिप टेस्टही त्याच दिवशी घेतली. जाताना गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून चाकाला साखळी आणि कुलूप लावलं, किल्ली कंट्रोल रूममध्ये, आणि शेजारी एक वही: तारीख, वेळ, सप्लाय, चेंबर, सही. दर पाळीला एक ओळ.